तीस वर्षांनी झालेला पहिला प्रयोग : 'द प्रिटी थिंग्ज'चं प्रकरण

६ सप्टेंबर १९९८ रोजी लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत 'द प्रिटी थिंग्ज' या ब्रिटिश बँडने 'एस. एफ. सॉरो' हा आपला एलपी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवला. गायक फिल मे, गिटारवर डिक टेलर, बेसवर वॉली वॉलर, कीबोर्डवर जॉन पोव्ही, ड्रम्सवर स्किप अ‍ॅलन. सगळे पन्नाशी गाठलेले, आणि मधल्या काळात प्रत्येकाने एकदा तरी हा बँड सोडलेला. मैफल इंटरनेटवरून थेट दाखवली गेली. १९९८ साली घराघरातलं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रखडत चालायचं, तेव्हा हे धाडसच होतं.

हा एलपी त्यांनी याच वास्तूत १९६७-६८ मध्ये ध्वनिमुद्रित केला होता. पण तो पूर्ण, प्रत्यक्ष वाद्यं वाजवून त्यांनी कधीच लोकांपुढे सादर केला नव्हता. म्हणजे ज्याला जग पुनर्मीलन म्हणत होतं, तो खरं तर पहिला प्रयोग होता, तीस वर्षं लांबलेला.

जुन्या बँडची पुनर्मीलनं आपण पुष्कळ पाहतो. त्यामागचं गणित सोपं असतं. एके काळी दहा-बारा गाणी घरोघरी वाजलेली असतात, ती ऐकलेली पिढी आता कमावती किंवा निवृत्त असते, तिकिटं हातोहात खपतात. प्रिटी थिंग्जच्या बाबतीत हे गणित लागूच पडत नाही. ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोहोचलेलं त्यांचं गाणं एकच, तेही १९६४ सालचं. अमेरिकेत तर त्या दशकात त्यांचा एकही दौरा झाला नाही. विकायला जुनी लोकप्रियता नव्हती. मग ही माणसं एकत्र आली ती कशाच्या बळावर? माझं उत्तर असं, की आधी त्यांनी आपल्याच गाण्यांचा ताबा परत मिळवला आणि मगच मैफल शक्य झाली. प्रकरण समजून घ्यायचं तर या क्रमाकडे लक्ष ठेवावं लागतं.

डार्टफर्डची मुलं

लंडनच्या आग्नेयेला, केंट परगण्यात, थेम्सच्या काठी डार्टफर्ड नावाचं गाव आहे. पुढे 'रोलिंग स्टोन्स' या बँडमुळे जगभर गाजलेले मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स इथलेच. डिक टेलरही इथलाच. शाळेत तो जॅगरबरोबर होता आणि पुढे सिडकप आर्ट कॉलेजमध्ये रिचर्ड्सबरोबर. या पोरांना वेड होतं ते शिकागोहून येणाऱ्या रेकॉर्डचं : मडी वॉटर्स, बो डिडली, चक बेरी, जिमी रीड. अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांचं यातलं बरंचसं संगीत तिथल्या गोऱ्या श्रोत्यांपर्यंतही धड पोहोचत नव्हतं, आणि इकडे इंग्लंडच्या उपनगरांतली कॉलेजची मुलं पैसे साठवून त्या तबकड्या मागवत होती, सुई पुन्हा पुन्हा मागे नेत एकेक सूर उतरवून घेत होती. ब्रिटिश 'रिदम अँड ब्लूज' (आर अँड बी) जन्माला आलं ते असं, नक्कल करता करता.

१२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये 'रोलिंग स्टोन्स' या नावाने पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा बेस गिटार टेलरच्या हातात होती. त्या वर्षाच्या अखेरीस त्याने तो बँड सोडला. त्याला कलाशिक्षण पुरं करायचं होतं आणि मुळात तो बेस वाजवणारा नव्हताच, त्याला गिटार वाजवायची होती. आजही त्याची ओळख करून देताना 'स्टोन्स सोडलेला माणूस' असं म्हटलं जातं. मला हे अन्यायकारक वाटतं. आपलं वाद्य सोडून दुसऱ्याच्या बँडमध्ये दुसरंच वाद्य वाजवत राहायचं नाही, हा एकोणीस वर्षांच्या मुलाने घेतलेला शहाणपणाचा निर्णय होता. पुढे स्टोन्सचं काय होणार, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

१९६३ मध्ये टेलर आणि सिडकपचाच फिल मे यांनी नवा बँड काढला. नाव घेतलं बो डिडलीच्या एका गाण्यावरून. नाव 'गोजिरवाणे' आणि अवतार नेमका उलटा. मेचे केस खांद्यावर रुळायचे आणि अख्ख्या ब्रिटनमध्ये एवढे लांब केस कुणाचे नाहीत, असं तो सांगायचा. वाजवणं तर केसांपेक्षा रांगडं.

या वाजवण्याच्या मुळाशी एक ठेका आहे, त्यापाशी थोडं थांबायला हवं. बो डिडलीचा म्हणून ओळखला जाणारा हा ठेका आपल्याकडच्या कानाला सोळा मात्रांत मोजून दाखवता येतो. पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर आघात. तीनतालात टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर येतात आणि नववी खाली असते. सगळं चार-चारच्या चौकटीत बसतं. इथे आवर्तन तितक्याच मात्रांचं, पण पहिले तीन आघात तीन-तीन मात्रांच्या अंतरावर पडतात, त्यामुळे चौकट तिरकी होते आणि शेवटच्या दोन आघातांनी पुन्हा सरळ होते. मांडीवर हात मारून पाहा, सातव्या मात्रेला शरीर आपोआप पुढे झुकतं. बो डिडली त्यावर खुळखुळ्यांची साथ घ्यायचा. फिल मेही हातात खुळखुळे घेऊन गायचा आणि मधूनमधून माउथऑर्गन वाजवायचा. सहा दशकं या बँडने कितीही रूपं बदलली तरी हा ठेका त्यांच्या अंगातून गेला नाही.

१९६४ मध्ये पहिली रेकॉर्ड 'रोझलिन' आली. ती ब्रिटनच्या खपाच्या यादीत चाळिसाच्या मागेच राहिली. त्याच वर्षी आलेलं 'डोन्ट ब्रिंग मी डाउन' दहाव्या क्रमांकावर गेलं, १९६५ मधलं 'हनी आय नीड' तेराव्यावर. पहिला एलपीही चांगला खपला. यशाचा हिशेब इथेच संपतो.

पुढचं बरंचसं नुकसान स्वतःच्या हाताने झालेलं आहे. ड्रमर विव्ह प्रिन्स हा विलक्षण वादक होता, पण त्याला आवरणं कुणाच्या हातात नव्हतं. १९६५ च्या ऑगस्टमधला न्यूझीलंडचा दौरा त्याच्या दंग्यामुळे वर्तमानपत्रांत गाजला आणि वर्षअखेरीस बँडला त्याला काढावं लागलं. ज्या दोन वर्षांत बाकीचे ब्रिटिश बँड अमेरिकेत जाऊन नाव आणि पैसा कमावत होते, त्या वर्षांत हे तिकडे फिरकले नाहीत. ही चूक त्यांच्या पुऱ्या कारकिर्दीला पुरून उरली. त्यात १९६७ मध्ये 'इमोशन्स' नावाच्या एलपीवर त्यांच्या वाजवण्याच्या वर ब्रास आणि व्हायोलिनचा थर चढवला गेला. बँडला तो मुळीच रुचला नाही. तोवरच्या रेकॉर्ड कंपनीशी करार संपला आणि स्वतःचा स्टुडिओ असलेल्या ईएमआय या बड्या कंपनीकडे ते गेले. म्हणजेच अ‍ॅबी रोडला.

एका माणसाची जन्मकथा

फिल मेने एक लघुकथा लिहिली होती. सेबॅस्टियन एफ. सॉरो नावाचा मुलगा एका कारखान्याच्या गावात जन्मतो, वाढतो, शेजारच्या मुलीच्या प्रेमात पडतो. पहिलं महायुद्ध येतं, तो खंदकात जातो. जिवंत सुटतो आणि 'अमेरिक' नावाच्या देशात जाऊन राहतो. प्रेयसी त्याच्याकडे यायला हवाई जहाजातून निघते. ते जहाज उतरतानाच पेट घेतं आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत जळून जाते. पुढे बॅरन सॅटर्डे नावाचा काळोखातला कुणी एक त्याला त्याच्याच मनाच्या तळघरातून फिरवून आणतो. शेवटी उरतो तो कुणावरही विश्वास न ठेवणारा एकाकी म्हातारा. तेरा गाण्यांत एक पुरं आयुष्य मांडायचं, असा बेत ठरला. रॉक संगीतात असं सलग कथानक तोवर एलपीभर क्वचितच कुणी गायलं होतं.

निर्माता होता नॉर्मन स्मिथ. बीटल्सच्या १९६५ पर्यंतच्या रेकॉर्डचा हा ध्वनिमुद्रक, आणि १९६७ मध्ये पिंक फ्लॉइडचा पहिला एलपी करणारा निर्माता. १९६८ मध्ये त्याच इमारतीत, त्याच्याच हाताखाली पिंक फ्लॉइड दुसऱ्या एलपीवर काम करत होते आणि डेव्हिड गिल्मर हा नवा गिटारवादक नुकताच त्यांच्यात आला होता. हे लक्षात ठेवावं, कारण हा गिल्मर या प्रकरणात पुढे दोनदा येतो.

काम फार कष्टाचं होतं. त्या वेळी टेपवर चार पट्ट्या असायच्या. चारही भरल्या की त्यांचं मिश्रण एका पट्टीवर उतरवायचं, म्हणजे नव्या आवाजांना जागा मोकळी. पण एकदा उतरवलं की उतरवलं. ड्रम्स थोडे कमी हवे होते, असं नंतर वाटून उपयोग नाही, आणि प्रत्येक उतरवणीबरोबर टेपची खरखरही वाढते. या पद्धतीने त्यांनी मेलोट्रॉन (कळ दाबली की टेपवर भरलेले सूर वाजवणारं वाद्य), सतार, उलट्या फिरवलेल्या टेपा, आणि वॉलर, पोव्ही, मे यांच्या तिहेरी आवाजांचे थर एकावर एक चढवले. रांगडा आर अँड बी वाजवणाऱ्या बँडमधून इतकं नाजूक गळ्याचं सहगान निघेल, असं कुणाला वाटलं नसतं. याच रेकॉर्डिंगच्या मध्यावर स्किप अ‍ॅलन बँड सोडून गेला आणि ट्विंक या ड्रमरने उरलेलं काम पुरं केलं. कव्हरवरचं चित्र मेने स्वतः काढलं. मे आणि टेलर दोघेही आर्ट कॉलेजातले, पैसे तुटपुंजे, तेव्हा जे जमेल ते घरचं.

१९६८ च्या डिसेंबरमध्ये एलपी ब्रिटनमध्ये निघाला. आधीच्या महिन्यात बीटल्सचा पांढऱ्या कव्हरचा दुहेरी संच आलेला, त्याच महिन्यात स्टोन्सचा नवा एलपी. गर्दीत याच्याकडे कोण पाहतो? अमेरिकेत तो मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रेअर अर्थ या उपकंपनीने काढला, पण १९६९ उजाडून काही महिने गेल्यावर. तोवर 'द हू' या ब्रिटिश बँडचा 'टॉमी' हा एलपी बाजारात येऊन गाजलेला. सलग कथा सांगणारा तोच पहिला रॉक एलपी, असा समज रुजला आणि सॉरो अमेरिकन समीक्षकांना नक्कल वाटला. आधी आलेलं काम नंतरचं ठरलं. 'टॉमी'वर आपल्या एलपीची छाया आहे, असं प्रिटी थिंग्जचं म्हणणं राहिलं आणि 'द हू'च्या पीट टाउनशेंडने ते नाकारलं. त्या वादात मला गोडी नाही. कोण आधी होतं ते तारखा सांगतात, तेवढं पुरे.

मग प्रयोग? एकदा लंडनच्या राउंडहाउसमध्ये त्यांनी सॉरोची कथा मूकाभिनयाच्या रूपात केली. मुख्य भूमिकेत ट्विंक होता. स्टुडिओतले इतके थर पाच माणसांनी त्या काळच्या साधनांवर रंगमंचावर उभे करणं अशक्यप्राय होतं. आणखी एक अडचण होती आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कथा रेकॉर्डमध्ये पुरी नव्हतीच. गाण्यांमधले दुवे, म्हणजे कोण कुठे गेलं, काय झालं, हे कव्हरच्या आतल्या बाजूला, गाण्यांच्या शब्दांच्या मधेमधे छापलेल्या छोट्या परिच्छेदांत होतं. मांडीवर कव्हर उघडून ऐकणाऱ्यालाच गोष्ट कळायची. सभागृहात बसलेल्याला ती कळण्याची काही सोय नव्हती.

वीस वर्षांची पडझड

१९६९ मध्ये डिक टेलरने बँड सोडला. पुढे हॉकविंड या बँडच्या पहिल्या एलपीची निर्मिती त्याने केली. मे, वॉलर, पोव्ही आणि परतलेला स्किप अ‍ॅलन यांनी १९७० मध्ये 'पॅराशूट' काढला. जाणकारांनी वाखाणला, खपला नाही. लेड झेपेलिन या बड्या बँडने स्वतःची स्वान साँग ही रेकॉर्ड कंपनी काढली तेव्हा ज्या बँडना बोलावलं त्यांत प्रिटी थिंग्ज होते. तिथे १९७४ मध्ये 'सिल्क टॉर्पिडो' आणि १९७६ मध्ये 'सॅव्हेज आय' झाले, आणि १९७६ मध्येच बँड मोडला. मधल्या काळात डेव्हिड बोवीने १९७३ च्या 'पिन अप्स' या एलपीवर त्यांची 'रोझलिन' आणि 'डोन्ट ब्रिंग मी डाउन' ही दोन्ही गाणी घेतली. बोवीच्या आवाजात ही गाणी किती घरांत पोहोचली असतील! मूळ गाणाऱ्यांना मात्र पोट भरण्यासाठी 'इलेक्ट्रिक बनाना' या वेगळ्या नावाने डी वुल्फ या कंपनीसाठी चित्रपट-टीव्हीला लागणारं तयार संगीत वाजवून द्यावं लागत होतं.

१९८० मध्ये 'क्रॉस टॉक'च्या निमित्ताने बरेच जण पुन्हा जमले, पांगले. ऐंशीच्या दशकात मे आणि टेलर दोघांनी मिळून नाव जिवंत ठेवलं, बाकीचे वादक बदलत राहिले. हा भाग मी भरभर सांगतोय, कारण प्रकरणाला कलाटणी देणारं त्यात काही नाही. कलाटणी दिली ती कागदपत्रांनी.

टेपा कुणाच्या?

साठच्या दशकातले करार कसे असत, हे समजून घेतलं तर पुढचं कळेल. विशी न ओलांडलेल्या मुलांपुढे कागद ठेवला जायचा. रेकॉर्डमागे मिळणारा वाटा अगदी थोडा. त्यातूनही आगाऊ दिलेले पैसे आणि रेकॉर्डिंगचा खर्च आधी वळता व्हायचा आणि तो फिटेपर्यंत वादकाच्या हातात दमडी पडायची नाही. खर्च वादकाच्या वाट्यातून फिटला तरी मूळ टेपची मालकी कंपनीचीच. घराचे हप्ते तुम्ही फेडायचे आणि घर मात्र सावकाराच्या नावावर, असा हा व्यवहार. सॉरोसारखा न खपलेला एलपी मग कंपनीच्या गोदामात पडून राहतो. पुन्हा काढावा की नाही, कसा काढावा, कुठली प्रत वापरावी, हे ज्यांनी तो केला त्यांना ठरवता येत नाही. आणि विकला गेला तरी हिशेब मिळेलच याची खात्री नाही.

ऐंशीच्या दशकात मार्क सेंट जॉन हा तरुण संगीतकार आणि निर्माता या बँडच्या संपर्कात आला आणि पुढे त्यांचा व्यवस्थापक झाला. न मिळालेल्या रॉयल्टीसाठी त्याने कायदेशीर लढाई उभी केली. समोर ईएमआयसारखी अवाढव्य कंपनी, इकडे खिशात काही नसलेले पन्नाशीकडे झुकलेले वादक. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि नव्वदच्या दशकात न्यायालयाबाहेर तडजोड झाली. पैसे मिळाले, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मूळ टेपा आणि हक्क बँडकडे परत आले. जवळजवळ सगळं काम पुन्हा ज्याचं त्याच्या हातात.

कंपन्यांच्या विरुद्ध लढलेले कलावंत पुष्कळ आहेत, पण त्यातले बहुतेक रकमेवर समाधान मानतात. सेंट जॉनने टेपा मागितल्या, हे त्याचं मोठेपण. रक्कम संपते. टेपा हातात आल्यावर बँडने आपले जुने एलपी स्नॅपर या स्वतंत्र कंपनीमार्फत नीट स्वच्छ करून, त्या काळच्या सुट्या गाण्यांची जोड देऊन, माहितीसह पुन्हा काढायला सुरुवात केली. तीस वर्षं मिळेल त्या जुन्या प्रतीवर दुकानांत आणि संग्राहकांमध्ये फिरणारं काम आता सहज मिळू लागलं. ज्यांनी सॉरोचं नुसतं नाव ऐकलं होतं त्यांना तो ऐकता आला, आणि आज तो मोठ्या बँडच्या एलपींबरोबर नावाजला जातो.

याचा माणसांवर झालेला परिणाम हिशेबात मांडता येत नाही, पण तो मला सर्वात ठळक दिसतो. वॉलर, पोव्ही, अ‍ॅलन हे बँड सोडून आपापल्या वाटेने गेलेले. ज्या कामाचे पैसे नाहीत, मान नाही, प्रतही नाही, त्यासाठी पुन्हा तालमीला कुणी का यावं? भांडण बहुधा आपापसांतलं नव्हतंच, परिस्थितीने त्यांना दमवलं होतं. काम परत आल्यावर माणसं परत आली.

मैफल

पुन्हा त्या सप्टेंबरच्या दिवसाकडे. अडचणी कशा सोडवल्या ते पाहण्यासारखं आहे.

स्टुडिओतले थर उभे करायला माणसं हवीत, म्हणून पाच जुन्यांना जोडीला फ्रँक हॉलंड हा दुसरा गिटारवादक घेतला. तो नंतरही बँडमध्ये राहिला. तालवाद्यांवर स्वतः सेंट जॉन बसला. कथेचा दुवा जोडायला निवेदक हवा होता, तो मिळाला आर्थर ब्राउन. १९६८ च्याच उन्हाळ्यात डोक्यावर पेटतं शिरस्त्राण घालून गायलेल्या गाण्याने ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला हा गायक. त्याच्या भरदार, किंचित नाटकी आवाजात कव्हरवर छापलेला मजकूर पहिल्यांदा ऐकू आला. आमच्याकडच्या कीर्तनात आख्यान आणि पद यांची जशी गुंफण असते, तशी ती गाणी आणि निवेदन एकमेकांत बसली. गोष्ट हाताने उघडून वाचायची होती, ती कानाने ऐकायची झाली. माझ्या मते सॉरो पुरा झाला तो तेव्हा.

आणि गिल्मर. पिंक फ्लॉइडबरोबर जगातल्या सर्वात मोठ्या मैदानांवर वाजवलेला माणूस, इथे काही गाण्यांत पाहुणा म्हणून गिटार घेऊन उभा राहिला. त्याच इमारतीत, त्याच निर्मात्याकडे, त्याच काळात कामाला सुरुवात केलेला, पण नशिबाने वेगळ्या टोकाला गेलेला शेजारी. टेलरच्या कोरड्या, टोचणाऱ्या गिटारशेजारी त्याचे लांबवलेले सूर स्पष्ट वेगळे ओळखू येतात. दोघांपैकी कुणीही दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही.

स्किप अ‍ॅलनची गोष्ट मला विशेष वाटते. मूळ रेकॉर्डिंग अर्ध्यावर सोडून गेलेला तोच. ट्विंकने वाजवलेली गाणी त्या दिवशी त्याने वाजवली. अर्धं राहिलेलं काम तीस वर्षांनी त्याने पुरं केलं.

वाजवणं निर्दोष नाही. मेचा आवाज १९६८ च्या मानाने जाड झालेला, वरच्या सुरांना खरवडलेला. तिहेरी सहगानाचा तो काचेसारखा पातळ पोत इथे नाही. पण कथेच्या उत्तरार्धात हाच जाडपणा कामी येतो. विशीतल्या मुलाने लिहिलेल्या एकाकी म्हाताऱ्याची व्यथा पन्नाशी ओलांडलेला माणूस गातो, तेव्हा शेवटचं गाणं वेगळंच लागतं. फक्त गिटार आणि गळा एवढ्यावर ते उभं आहे आणि ते ऐकताना मूळ रेकॉर्डिंगची आठवणही होत नाही. ही मैफल 'रिसरेक्शन' या नावाने निघाली.

आता पुनर्मीलन म्हणून या मैफलीचं मोजमाप कसं करायचं? गर्दीवर करता येत नाही, कारण ती स्टुडिओत झाली. पैशावरही नाही. पुढे काय झालं यावर करता येतं. पुढच्याच वर्षी '...रेज बिफोर ब्यूटी' हा नव्या गाण्यांचा एलपी आला. २००७ मध्ये 'बाल्बोआ आयलंड', २०१५ मध्ये आणखी एक. बहुतेक पुनर्मीलनं एका रात्रीपुरती किंवा एका दौऱ्यापुरती असतात, इथे पुढची वीस वर्षं काम चाललं. हॉलंडबरोबर बेसवर जॉर्ज वूझी आणि ड्रम्सवर जॅक ग्रीनवुड ही निम्म्याहून कमी वयाची मुलं आली, आणि मे-टेलर त्यांच्याबरोबर लहानमोठ्या क्लबांतून वाजवत राहिले.

शेवटचा नमस्कार

फिल मेच्या फुप्फुसांनी साथ सोडायला सुरुवात केली होती. श्वासाचा जुनाट विकार, त्यात रात्रभर मोठ्या आवाजाच्या बँडवर गायचं. डॉक्टरांचं ऐकायची वेळ आली, आणि बँडने विजेच्या वाद्यांवरचे कार्यक्रम थांबवायचं ठरवलं. १३ डिसेंबर २०१८ रोजी ग्रीनिचमधल्या इंडिगो अ‍ॅट द ओ-टू या सभागृहात निरोपाची मैफल झाली. वॉलर, पोव्ही आणि अ‍ॅलन पुन्हा आले. गिल्मर आला. व्हॅन मॉरिसनही आला, जो साठच्या दशकात बेलफास्टच्या 'देम' या बँडमधून हेच शिकागोचं संगीत गात होता. सुरुवातीच्या बो डिडली वळणाच्या गाण्यांपासून सॉरोपर्यंत सगळं वाजलं.

निरोपाच्या मैफली अनेक बँड करतात आणि दोन वर्षांनी परत येतात. इथे तसं होणार नव्हतं. कारण खरं होतं आणि मंचावरच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. तरीही ध्वनिमुद्रण ऐकताना कुठे करुणा मागितल्यासारखं वाटत नाही. 'रोझलिन' चौपन्न वर्षांनंतरही तेवढ्याच आडदांडपणे येतं.

विजेची वाद्यं थांबली, काम थांबलं नाही. मे आणि टेलर यांनी अ‍ॅकॉस्टिक गिटारवर जुने ब्लूज बसवायला घेतले. मडी वॉटर्सचं 'कान्ट बी सॅटिस्फाइड', रॉबर्ट जॉन्सनचं 'कम ऑन इन माय किचन'. डार्टफर्ड आणि सिडकपच्या दिवसांत तबकडीवरून उतरवून घेतलेलं हेच संगीत, पण आता मेजवळ ओरडायला श्वास नव्हता, म्हणून तो जवळजवळ बोलत गातो. ही सक्ती होती आणि त्या गाण्यांना तीच मानवली. १५ मे २०२० रोजी, सायकलवरून पडल्यानंतर झालेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे, किंग्ज लिनच्या रुग्णालयात फिल मे गेला. वय पंचाहत्तर. 'बेअर अ‍ॅज बोन, ब्राइट अ‍ॅज ब्लड' हा एलपी त्या सप्टेंबरमध्ये आला.

ज्यांना या बँडची ओळख नाही त्यांनी सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर मी 'रिसरेक्शन'चं नाव घेईन, आर्थर ब्राउनच्या निवेदनासह. गोष्ट आधी कळू द्या, मग १९६८ चा मूळ एलपी लावा, शक्यतो हेडफोनवर, म्हणजे चार पट्ट्यांत काय काय कोंबलं आहे ते ऐकू येईल. 'रोझलिन' आणि 'डोन्ट ब्रिंग मी डाउन' त्यानंतर ऐका, आणि २०२० चा एलपी सर्वांत शेवटी, एका बैठकीत, मधे न थांबता.